फ्रीमेसन लॉजची शपथ कायद्याच्या वर असते का?

ऑफिसातले सीनियर पुण्यातल्या फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे शपथ घेऊन सभासद होतात अशा एका जुन्या बंधुसंस्थेच्या स्थानिक शाखेत, या म्हणतात; तिथली शपथ कायद्याच्या वर असते का आणि तिच्या जोरावर प्रमोशन मागता येतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, सीनियरच्या ओळखीने गेलात आणि शपथ घेतलीत तरी ती कायद्याच्या वर जात नाही, आणि तिच्या जोरावर प्रमोशनही मागता येत नाही. कारण 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 सरळ सांगतं की बेकायदा हेतूचा करार रद्दबातल, आणि लॉजमध्येही शपथेआधी उमेदवाराला सांगतात की यात तुमच्या धर्म, नीती किंवा नागरिक म्हणून असलेल्या कर्तव्याविरुद्ध काही नाही. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर, म्हणजे गीता, कुराण, बायबल जे असेल ते, आणि गुप्त ठेवायचं ते मुख्यतः ओळखीच्या खुणा, हात मिळवायची पद्धत, ठराविक शब्द, बाकी बरंच छापील मिळतं. पूर्वी शपथेत गळा कापण्यासारख्या भयानक शिक्षांची भाषा होती, ती इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या लॉजच्या वरच्या संस्थेने, 1986 मध्ये काढायचं ठरवलं.

पण वशिला अजिबात चालत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इटलीत 1981 ला पी-2 नावाच्या लॉजची यादी पोलिसांच्या हाती लागली, त्यात मंत्री, सेनाधिकारी, बँकवाले असे साडेनऊशेच्या वर लोक निघाले, सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी कायदा करून ती लॉज बंद केली. तिथे धोका खुणांचा नव्हता, सभासदांची नावंच लपवलेली होती हा होता. म्हणून हो म्हणायच्या आधी सीनियरना एवढं विचारा: मी सभासद आहे हे घरी, ऑफिसात उघड सांगू शकतो का, आणि वर्गणीचा हिशोब दाखवता का? एकालाही उत्तर टाळलं तर जाऊ नका.