टेस्टर पेटतो, आरसीसीबीचं (करंट गळला की लाईट तोडणाऱ्या स्विचचं) टी म्हणजे टेस्ट बटणही चालतं, मग कूलरला करंट का लागतो?

आमच्या घरी सोलापुरात दोन उन्हाळ्यांपूर्वी अगदी हेच झालं होतं. वायरमननं माझ्यासमोर टी दाबलं, खटकन ट्रिप झालं. "बघा, चालतंय की. काय बी प्रॉब्लेम नाही," म्हणाला आणि गेला. आई मात्र कूलरमध्ये पाणी भरताना लाकडी पाटावर उभी राहायला लागली.

घोटाळा अर्थिंगचा, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेचा होता, आणि ते बटण अर्थिंग तपासतच नाही. फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत येतोय का, एवढंच आरसीसीबी बघतो. टी दाबलं की आतल्या रेझिस्टरमधून थोडा करंट आडवाटेनं जातो, हिशेब चुकतो, लिव्हर खाली. घरात अर्थची तारच नसली तरी बटण पास होणार. बहुतेक घरांत आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. अर्थ नसलेल्या कूलरच्या पत्र्यावर फेज उतरला तर त्याला जायला वाट नसते, हात लावणारा माणूसच वाट होतो. पायात चप्पल असेल तर एखाद-दुसरा मिलिअँपिअर जातो. तुम्हाला झिणझिण्या येतात, आरसीसीबीला पत्ताही नसतो. एमसीबीचं (लोड जास्त झाला की पडणाऱ्या स्विचचं) तर विचारूच नका, तो वायर जळू नये म्हणून असतो.

आता सॉकेट. जाड भोक वर, समोरून बघितलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. टेस्टर फक्त उजवीकडे पेटला पाहिजे. डावीकडे पेटला तर तारा उलट्या आहेत किंवा न्यूट्रल तुटलाय. वरच्या भोकात पेटला तर सरळ मेन बंद करा. पण तिथं पेटला नाही म्हणजे अर्थ आहे, असंही नाही. काहीच जोडलेलं नसलं तरी टेस्टर गप्पच राहतो. आमचं तेच निघालं. बोर्ड खोलला तर हिरवी तार गोल गुंडाळून, टेप मारून कोपऱ्यात ठेवलेली. इतकी नीट, की राग यायच्या आधी कौतुकच वाटलं.

हे शोधलं दुसऱ्या वायरमननं, टेस्ट लॅम्पनं. ६० वॅटचा साधा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला. बल्ब पेटला नाही, लाईटही गेली नाही. तार जोडून पुन्हा लावला, तर बल्ब दिसायच्या आत ट्रिप, कारण तो बल्ब २५० मिलिअँपिअरच्या वर ओढतो. हा प्रयोग स्वतः करू नका. अर्थची तार पुढे कुठं तुटलेली असेल तर बल्बमधून फेज त्या तारेवर येतो, आणि तिथून फ्रिज, गिझर, सगळ्यांच्या पत्र्यावर.

पाण्याच्या मोटारीचं सॉकेट आधी बघून घ्या, नळ आला की आपण ओल्या पायांनीच पळतो. टी बटण मी वीजबिल येईल त्या दिवशी दाबतो, म्हणजे विसरत नाही. आणि अर्थिंगचा खड्डा, अर्थची तार जिथं जमिनीत जाते तो. एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळते, कोरड्या मातीत अर्थ नीट लागत नाही. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात खड्ड्याला बादलीभर पाणी घालायचं म्हटलं की घरात भांडण होतं, म्हणून मी कूलर धुतलेलं पाणी तिथं ओततो.

वायरमन येईपर्यंत कूलरची पिन काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, तारा उलट्या असतील तर बटण न्यूट्रलच तोडतं.