फाज पकड बदलतो तेव्हा

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिवाणूंना मारणाऱ्या फाज या विषाणूच्या प्रथिनात उत्परिवर्तन झालं की तो नवे जिवाणू धरतो, असं वाचलं. उद्या तो माणसाच्या पेशीही धरेल का, असं आई विचारते.

उत्तर : आईंना सांग, नाही. का, ते समजून घे.

फाज जिवाणूला ओळखतो तो शेपटीच्या टोकाने. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला धरणाऱ्या लॅम्डा फाजला तिथे 'जे' नावाचं प्रथिन असतं. ते जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या 'लॅमबी'ला चिकटतं. माल्टोज साखर आत घ्यायचं ते दार. लॅम्डा तेच वापरतो. जस्टिन मेयर आणि रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. जिवाणूंनी लॅमबी बनवणं जवळजवळ थांबवलं, तेव्हा ९६ पैकी २४ संवर्धनांत (वेगवेगळ्या वाढवलेल्या गटांत) लॅम्डा 'ओम्पएफ' या दुसऱ्याच दारावर बसायला शिकला. त्यासाठी 'जे'मध्ये चार बदल लागले. तीन झाले आणि चौथा राहिला, तर दार उघडत नव्हतं.

'शिकला' म्हटलं खरं, पण फाज काही ठरवून बदलत नाही. ठाण्यात शिकवत असताना एका पावसाळ्यात आम्ही नाल्याचं पाणी गाळून त्यातला एक फाज वेगळा काढला. साध्या कोलायच्या ताटलीवर सकाळी सायीसारख्या थराची चाळणी झालेली. त्या फाजला दाद न देणाऱ्या कोलायवर मात्र दोनच ठिपके, म्हणजे जिवाणू मरून मोकळ्या झालेल्या जागा. मुलं म्हणाली, "मॅडम, हवेचे बुडबुडे असतील." एक ठिपका टूथपिकने उचलून त्याच कोलायवर पुन्हा वाढवला, तर दुसऱ्या दिवशी ताटली साफ! प्रत बनताना झालेली चूक घेऊन ते एकदोन फाज आधीपासूनच त्या गर्दीत होते. आम्ही फक्त त्यांना संधी दिली.

आता आईंचा प्रश्न. चार बदल होऊनही लॅम्डा कोलायलाच धरत होता. माणसाच्या पेशीवर ना लॅमबी, ना ओम्पएफ. आणि समजा तो कसाबसा आत गेलाच, तरी पिल्लं काढायला त्याला जिवाणूचीच यंत्रणा लागते. आपल्या पेशीत ती नाही. उलट फाज-उपचारात, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गावर औषध म्हणून फाज देताना, अडचण असते ती त्याच्या चोखंदळपणाची. म्हणून रुग्णाचा जिवाणू आधी ताटलीवर वाढवून, कोणता फाज त्यावर ठिपके पाडतो ते बघतात.

तुमच्या प्रयोगशाळेत हे करू देतात का, सरांना नक्की विचार.