‘क्लासिक रॉक’ : अभिजात की शास्त्रीय?

प्रश्न एका वाचक बाईंचा आहे. अमेरिकी रेडिओवरच्या एका माहितीपटाला त्या मराठी सबटायटल्स देताहेत. त्यात एक म्हातारा निवेदक सांगतो, की आमचं स्टेशन ‘क्लासिक रॉक’चं होतं, मालकांनी ते ‘फ्लिप’ करून ‘ॲक्टिव्ह रॉक’ केलं आणि आमचे लोक पळाले. शेजारचे ‘ऑल्टरनेटिव्ह’वालेही हे गिऱ्हाईक घ्यायला तयार नव्हते म्हणे. बाईंनी पहिल्या खर्ड्यात शास्त्रीय रॉक, सक्रिय रॉक आणि पर्यायी रॉक असं लिहिलं. वाचून त्यांनाच हसू फुटलं, म्हणून विचारताहेत.

शास्त्रीय तर आधी खोडा. शास्त्रीय रॉक म्हटलं की मला तानपुऱ्याशेजारी मांडलेला ड्रमसेट दिसतो. इंग्रजीत क्लासिकल आणि क्लासिक हे दोन शब्द वेगळे आहेत आणि आपणही ते वेगळेच वापरतो. ‘क्लासिकल शिकते’ आणि ‘काय क्लासिक झालीय आमटी’ यांत कुणाचा घोटाळा होत नाही.

अभिजात मात्र मोह पाडणारा आहे, कारण दोन्ही शब्दांचं कूळ विलक्षण जुळतं. लॅटिनमधला ‘क्लासिकुस’ म्हणजे करपात्रतेच्या वर्गवारीत सर्वांत वरच्या वर्गातला रोमन नागरिक. पुढे तेच विशेषण वरच्या दर्जाच्या लेखकाला लागलं. आपला अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. दोन्ही शब्द माणसाच्या पायरीवरून निघाले आणि कलाकृतीवर जाऊन बसले. पण ३ ऑक्टोबर २०२४ नंतर मराठी माणसाला अभिजात म्हटलं की शिलालेख, गाथासप्तशती आणि केंद्र सरकारचा निर्णय आठवतो. गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करताना मोठ्यानं लावायच्या गाण्यांना तो फेटा पेलत नाही.

आणि खरी अडचण फेट्याची नाहीच. ही नावं संगीतसमीक्षकांनी ठेवलेली नाहीत, रेडिओच्या धंद्यानं पाडली आहेत. तिथलं खाजगी स्टेशन गाणी विकत नाही. जाहिरातदाराला कान विकतं. कुणाचे कान, किती वयाचे, बायकांचे की पुरुषांचे, हे एका शब्दात सांगायला फॉरमॅटचं नाव. अठरा ते चौतीस, पंचवीस ते चोपन्न असे वयाचे गट त्या धंद्यात आपल्या इंच-फुटांसारखे तोंडात असतात. त्यामुळे ‘क्लासिक’ हे विशेषण व्याकरणानं गाण्याला लागलेलं असलं, तरी अर्थानं ते ऐकणाऱ्याला लागतं.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगते. १९६०च्या दशकात बऱ्याच एफएम वाहिन्या मालकाच्या एएम वाहिनीचेच कार्यक्रम पुन्हा वाजवत. अमेरिकी सरकारच्या दळणवळण आयोगानं मोठ्या शहरांत त्यावर मर्यादा घातली. आता एफएमवर स्वतःचं काहीतरी लावायला हवं, आणि ते स्वस्तात. सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स या एफएम वाहिनीवर टॉम डोनह्यू या निवेदकानं १९६७ साली वाट मोकळी केली : निवेदकाला हवी ती तबकडी, हवं ते गाणं, मग ते वीस मिनिटांचं का असेना. श्रोते कोण, तर लांब केसांची तरुण मंडळी, ज्यांना एएमवरच्या ‘टॉप फॉर्टी’चा कंटाळा आला होता. पुढे सत्तरच्या दशकात ली एब्रम्स यांच्यासारखे सल्लागार आले. त्यांनी हा मोकळा कारभार पाहणी करून, आकडे काढून साच्यात बसवला आणि तो साचा गावोगावच्या स्टेशनांना विकला. त्याचं नाव अल्बम-ओरिएंटेड रॉक, धंद्यात नुसतं ‘एओआर’.

इथं ‘फॉरमॅट’ या शब्दापाशी जरा थांबते. बाज, घाट, धाटणी हे सगळे छान शब्द आहेत, पण त्यांत चव आहे, सक्ती नाही. फॉरमॅटमध्ये सक्ती आहे. स्टुडिओच्या भिंतीवर तासाचं एक वर्तुळ काढलेलं असतं, घड्याळाच्या तबकडीसारखं, आणि भाकरीचे चतकोर करावेत तशा त्याच्या फोडी. अमुक मिनिटाला चालू हिट, मग जुनं ओळखीचं, मग स्टेशनचं नाव, मग जाहिराती. गाणी कार्डांवर लिहून खोक्यात. पुढचं कार्ड उचलायचं, वाजवायचं, मागे सारायचं. निवेदकाच्या लहरीला जागा नाही. हा पेणच्या कारखान्यातला साचा झाला, म्हणून मराठीत सांगायचंच तर साचा. सबटायटलमध्ये मात्र फॉरमॅटच ठेवा. मोबाइलपासून एक्सेलपर्यंत तो आपल्या घरचा झालेला आहे.

एओआरचा श्रोता मुख्यतः तरुण, गोरा, पुरुष. इतका एकजिनसी, की त्या स्टेशनांवर कृष्णवर्णीय कलाकार हाताच्या बोटांवर मोजावे लागत. साच्याशी लोक कसे बांधले जातात याचा नमुना शिकागोत दिसला. स्टीव्ह डाल या निवेदकाचं स्टेशन डिस्कोवर गेलं तेव्हा त्याची नोकरी गेली. तो ‘द लूप’ नावाच्या रॉक स्टेशनवर आला. ते ९७.९वर वाजे. १२ जुलै १९७९ला कोमिस्की पार्क या मैदानावर बेसबॉलचे दोन सामने होते, आणि डिस्कोची एक तबकडी घेऊन येणाऱ्याला तिकीट ९८ सेंट, स्टेशनच्या आकड्याला जुळणारं. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डालनं मैदानात तबकड्यांचं खोकं स्फोटानं उडवलं, हजारोंनी मैदानात उड्या घेतल्या, आणि दुसरा सामना खेळवताच आला नाही. तो पाहुण्या डेट्रॉइटच्या संघाला बहाल झाला. डिस्को म्हणजे कृष्णवर्णीयांचे आणि समलिंगींचे नाचघर, हे लक्षात ठेवलं की त्या आवाजात नुसती संगीताची आवडनिवड ऐकू येत नाही. नावांच्या भिंती अशा माणसांमधून जातात.

मग हा श्रोता वयानं वाढला. त्याला आपलीच कॉलेजची गाणी हवी आणि धाकट्यांना नवी, दोघं एका स्टेशनवर नांदेनात. १९८५ साली फ्रेड जेकब्स यांनी मिशिगनमध्ये डब्ल्यूएमएमक्यू हे स्टेशन फक्त जुन्यावर उभं केलं आणि ‘क्लासिक रॉक’ हा फॉरमॅट चालून दाखवला. त्या वेळी जुनं म्हणजे दहा-वीस वर्षांमागचं. आज त्याच फॉरमॅटमध्ये निर्वाना या बँडचं १९९१चं गाणं सर्रास वाजतं, जे तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. गाणी क्लासिक झाली म्हणून तिथं पोचली नाहीत. ती विशीत ऐकणारा माणूस पन्नाशीला आला, त्याच्याकडे गाडी आणि गुडघेदुखी दोन्ही आली, म्हणून पोचली. आमच्या घरी ‘जुनी गाणी लाव’ म्हटलं की आजीला नाट्यपदं हवी असत, बाबांना भावगीतं, आणि परवा भाचीनं त्याच शब्दांत माझ्या कॉलेजातलं काहीतरी मागितलं. मी दुखावले, पण शब्द तिनं बरोबर वापरला होता. क्लासिक रॉकमधला क्लासिक हा असा, ‘जुनी’ या अर्थाचा, माणसाबरोबर सरकणारा.

ऑल्टरनेटिव्हची कथा आपल्याला आतून कळेल. ‘पर्यायी’ मराठीत परीक्षेत आणि खोदलेल्या रस्त्यावर असतो. अर्थाच्या जवळचा शब्द ‘समांतर’, कारण समांतर सिनेमा आपल्या कानांवर आहे. पण नव्वदच्या दशकात हेच रॉक सगळ्यांच्या पुढे गेलं. पुढे गेलेल्याला समांतर कसं म्हणणार? गंमत म्हणजे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीतधंद्याच्या नियतकालिकानं १९८८मध्ये या गाण्यांची यादी सुरू केली ती ‘मॉडर्न रॉक’ या नावानं, आणि २००९मध्ये ते बदलून ‘ऑल्टरनेटिव्ह’ केलं. आपण मर्ढेकरांच्या वेळची नवकविता अजून नवकविताच म्हणतो. त्यांनी निदान पाटी बदलली. ऐकणारे बहुतेक तरुण, आणि इतर रॉक स्टेशनांच्या मानानं बायका अधिक.

ॲक्टिव्ह रॉक म्हणजे नवं, जड, कर्कश गिटारींचं. ऐकणारे पुन्हा पुरुषच, पण क्लासिकवाल्यांहून धाकटे. धंद्याच्या बोलीत ‘ॲक्टिव्ह’ श्रोता म्हणजे स्टेशनला फोन करणारा, तबकडी विकत घेणारा, आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे नुसता लावून ठेवणारा. मला या नावातला ॲक्टिव्ह त्याच घरातला वाटतो. म्हणून सक्रिय नको. मराठीत सक्रिय राजकारणात होतात आणि कोरोनात रुग्ण होते. ‘कडक रॉक’ म्हणा, टपरीवर कळेल.

माहितीपटात ‘ट्रिपल ए’ (ॲडल्ट अल्बम ऑल्टरनेटिव्ह) हा फॉरमॅट आला तर जपून. त्यातला पहिला ‘ए’ ॲडल्टचा. ‘प्रौढांसाठी’ लिहिलंत तर प्रेक्षक मुलांना उठवून बाहेर पाठवतील. प्रत्यक्षात हे सगळ्यांत सभ्य दुकान : चाळिशीच्या आसपासचे, शिकलेले, नवं ऐकायची हौस टिकलेले स्त्री-पुरुष. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूएक्सपीएन हे त्यातलं नावाजलेलं. ते विद्यापीठाचं आहे आणि श्रोत्यांच्या वर्गणीचा त्याला मोठा आधार.

‘रेडिओनं पाडलेली नावं भाषेत टिकत नाहीत’ असंही बाईंनी पत्रात म्हटलंय. टिकतात की! ‘सुगम संगीत’ घ्या. हे काही घराणं नाही की राग नाही. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीनं सिनेसंगीताला बाजूला सारलं, आणि त्याच्या जागी हलकंफुलकं, पण आपल्या देखरेखीतलं गाणं बसवायला सुगम संगीताचे विभाग चालवले. नाव सोयीचं होतं, कचेरीचं होतं. आज गल्लोगल्ली सुगम संगीताच्या स्पर्धा होतात आणि त्याला कचेरीचा वास कुणालाच येत नाही. फरक एवढाच, की तिथं ‘सुगम’ कुणाला, हे मंत्रालय ठरवत होतं आणि अमेरिकेत जाहिरातदार.

उरलं ‘फ्लिप’. स्टेशन एका रात्रीत फॉरमॅट बदलतं ते. ‘पलटलं’ चालेल, मला ‘कूस बदलली’ आवडतं, पण त्यात स्वतःहून बदलल्याचा भास आहे आणि इथं तर मालकानं बदलवलंय. ती शिकागोची लूप मार्च २०१८मध्ये एका ख्रिस्ती संस्थेला विकली गेली आणि तिथं भक्तिगीतं लागली. बोस्टनचं डब्ल्यूएएएफ हे रॉक स्टेशन २०२०मध्ये त्याच वाटेनं, त्याच संस्थेकडे गेलं. रॉकवाल्यांनी सकाळी रेडिओ लावला तर भजन! याला कूस बदलणं कसं म्हणू?

तर तुमच्या निवेदकाच्या तोंडी असं द्या : ‘आमच्याकडे जुनं रॉक वाजायचं. मालकांनी एका रात्रीत स्टेशन पलटवलं, पोरांचं कडक रॉक लावलं. आमची माणसं पळाली, आणि ऑल्टरनेटिव्हवाल्यांनाही ती नको होती.’ वाक्यं तीन झाली आहेत, दोन पाट्यांत बसतील. ‘ऑल्टरनेटिव्हवाल्यांनाही’ एका ओळीत मावत नसेल तर ‘शेजारच्यांनाही’ करा.