फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं अ‍ॅप) अलाइन करताना, म्हणजे वस्तू एका रेषेत जुळवताना, आधी हे बघा

एकच वस्तू निवडलीत तर फिग्मा ती फ्रेमच्या, म्हणजे ती ज्या चौकटीत आहे तिच्या, हिशेबाने सरकवतो. दोन-तीन निवडल्यात तर त्या एकमेकींशी जुळतात, फ्रेमशी नाही. सगळा संच फ्रेमच्या मधोमध हवा असेल तर आधी त्याचा ग्रुप करा, मग ऑल्ट + एच (आडवं मधे) आणि ऑल्ट + व्ही (उभं मधे) दाबा.

आयकॉन पुसट दिसतोय? एक्स-वाय (त्याच्या जागेचे आकडे) बघा. २४ पिक्सेलच्या चौकटीत १५ चा आयकॉन मधे आणला की दोन्हीकडे ४.५ उरतात, आणि अर्ध्या पिक्सेलवर कडा धूसर होते. आयकॉन १६ चा घ्या.

प्ले बटणातला त्रिकोण मात्र मोजून मधे ठेवला तरी डावीकडे झुकलेला वाटतो. तिथे डोळ्यावर विश्वास ठेवून तो एक-दोन पिक्सेल उजवीकडे ढकला.