सिंक तुंबलंय, सोडा-व्हिनेगर टाकूनही पाणी जात नाही. प्लंबर न बोलावता काय करता येईल?

तुमचं सिंक तुंबलंय, बाथरूममधलं पाणीही रेंगाळत जातंय आणि खाण्याचा सोडा अन् व्हिनेगर दोनदा ओतून झालंय. तिसऱ्यांदा ओतू नका. मीही त्या फेसावर भाळलो होतो. फसफसताना वाटतं, आत काहीतरी जोरात चाललंय. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो मोकळ्या वाटेने, म्हणजे वर तुमच्याच तोंडाकडे, निघून जातो. खाली उरतं ते सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी. त्याने चरबी सुटत नाही की केस. ज्यांची मोरी या उपायाने मोकळी झाली, त्यांच्याकडे बहुतेक वेळा नंतर ओतलेल्या गरम पाण्यानेच काम केलेलं असतं.

मुळात तुमच्या घरात दोन वेगवेगळ्या तुंबण्या आहेत. सिंकमध्ये तेल-तूप गार होऊन पाइपच्या आतल्या बाजूला थर धरतं आणि त्याला खरकटं चिकटत जातं. बाथरूममध्ये केसांचा गुंता असतो आणि त्यावर साबणाचा चिकट पांढरा साका. पाणी जड असेल तर तो साका जास्तच होतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा पदार्थ तयार करतं.

सिंकमधून पाणी हळू का होईना जात असेल, तर थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण ओता, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग चांगलं कढत पाणी सोडा. कढत म्हणजे उकळतं नव्हे. पाइपचं पीव्हीसी प्लॅस्टिक ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, मग सांधे सुटले तर नवीनच काम निघेल.

पाणी अजिबात जात नसेल तर प्लंजर, म्हणजे दांड्याला रबरी वाटी लावलेलं साधन. नुसता दाबत सुटलात तर उपयोग नाही. रबरी वाटी बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये हवं. बेसिनला वरच्या बाजूला जादा पाणी जायचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने गच्च बंद करा. जोड-सिंक असेल तर दुसऱ्याचं तोंडही. नाहीतर सगळा जोर तिकडून निसटतो. मग दहा-पंधरा वेळा दाबा आणि तेवढ्याच जोराने वर ओढा. बरेचदा अडकलेला गोळा ढकलल्याने जात नाही, ओढल्याने सुटतो.

तरीही नाही? मग ट्रॅप उघडा. लोक याला उगाच घाबरतात, पण माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. सिंकखाली पाइपला जो वाकडा भाग किंवा बाटलीसारखा डबा असतो, तो ट्रॅप. त्यात मुद्दाम थोडं पाणी साठून राहतं, म्हणजे गटाराचा वास घरात येत नाही. जड खरकटंही तिथेच बसतं. खाली बादली ठेवा आणि प्लॅस्टिकचे नट हाताने फिरवून सोडवा. पकड लावायची वेळ आली तर मध्ये फडकं धरा, प्लॅस्टिक चटकन तडकतं. कोणता रबरी वॉशर कुठून आणि कोणत्या बाजूने निघाला, याचा फोटो काढून ठेवा. आत जुना ब्रश फिरवा, धुवा, परत बसवा, हातानेच आवळा. मग नळ सोडून सांध्याखाली कोरडा कागद धरा. ओला झाला तर वॉशर तिरपा बसलाय.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा घासणीचा एक तुकडा आणि चरबीचा मुठीएवढा गोळा निघाला. मोठ्या विजयाने मी ट्रॅप धुतला आणि बादलीतलं ते घाण पाणी त्याच सिंकमध्ये ओतलं. ट्रॅप माझ्या हातातच होता. सगळं पायांवर!

बाथरूमला हे काही नको. जाळी उचला आणि टोकाला आकडा केलेली तार, किंवा कडेला काटे असलेली प्लॅस्टिकची लांब पट्टी, आत घालून फिरवत वर ओढा. जे बाहेर येईल ते बघायची मनाची तयारी ठेवा. नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखाली फरशीत बसवलेला ट्रॅप, असेल आणि त्यात उचलून काढता येणारी वाटी असेल, तर ती काढून घासा, पण परत बसवायला विसरू नका, नाहीतर वासाबरोबर झुरळंही येतील. पुढे जाळीवर साचलेले केस दर आंघोळीनंतर उचललेत, तर ही वेळ फारशी येणार नाही. सिंकसाठी तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या.

कॉस्टिक सोडा किंवा तयार ड्रेन क्लीनर मी शेवटी ठेवतो. काम करतात, पण पाणी पूर्ण तुंबलेलं असताना ते तिथेच साचून राहतात आणि मग प्लंजर मारला की तेच पाणी डोळ्यांत उडतं. कॉस्टिक पाण्यात पडलं की खूप तापतं आणि ॲल्युमिनियम खातं. ब्लीच तर आम्लाबरोबर कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरही आम्लच आहे.

आता एक तपासणी, खरं तर पहिल्यांदा करायची. सिंक सोडलं की बाथरूममध्ये पाणी वर येतं का? फ्लश केल्यावर मोरी गुडगुडते का? तसं असेल तर अडथळा तुमच्या ट्रॅपमध्ये नाही, पुढे मोठ्या पाइपमध्ये आहे. तिथे तारेने खेळण्यात अर्थ नाही. पाणी वापरणं थांबवा, प्लंबरला बोलवा आणि आत काय काय ओतलंय ते त्याने हात घालायच्या आधी सांगा.