उडायचंय की उचलून आणायचंय?

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातले. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेतलंय. कारगिलच्या लढाईत चीता हेलिकॉप्टरमधून जखमी जवानांना खाली आणणाऱ्या पायलटांविषयी तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ असा घोषा लावलाय. यासाठी कोणती डिग्री असते? गोळीबारात जायचं म्हटल्यावर तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. बाकी तब्येत उत्तम. चष्मा आहे, पण नंबर किरकोळ.

उत्तर : नमस्कार. चष्म्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलंत, मी तिथूनच सुरुवात करतो. नंबर मायनस असेल, तर एनडीएमधून (बारावीनंतरची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जाता येत नाही. मग तो पाव असो की दीड. ‘किरकोळ’ हा शब्द मेडिकल बोर्डाच्या कोशात नाही. पण म्हणून घाईघाईने लेसर करून आणू नका. विसाव्या वर्षाआधी केलेली ती शस्त्रक्रिया हवाई दलात चालत नाही. पदवीनंतर ॲफकॅटचा, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी भरती परीक्षेचा रस्ता आहे, फ्लाइंगसाठी वय २० ते २४. तेव्हा काय करायचं ते त्या वेळची जाहिरात हातात घेऊन ठरवा. आत्ता फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर आणि रंगदृष्टी दोन्ही नीट तपासून लेखी घ्या.

आता डिग्री. अशी डिग्री नसते, आणि ‘जखमींना आणणारा पायलट’ अशी वेगळी भरतीही आपल्याकडे नसते. गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन १९९९ मध्ये कारगिलला गेल्या त्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टर पायलट म्हणून. रसद, टेहळणी, जखमी, ज्या दिवशी जे काम येईल ते.

चीताचा फोटो मुलीसोबत एकदा नीट बघा. पुढे काचेचा बुडबुडा, मागे उघड्या नळ्यांची शेपटी, इंजिन एकच. शस्त्र नाही, चिलखत नाही. उंचावर हवा विरळ, त्यामुळे पंख्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. म्हणून तिथे वजनाचा हिशेब किलोकिलोने होतो. इंधन जास्त घेतलं तर जखमीला उचलता येत नाही, कमी घेतलं तर परतीची खात्री नाही. हे गणित तिच्या अकरावीच्या फिजिक्सचंच आहे, फक्त इथे ते चुकलं तर पेपर परत देता येत नाही. वजनाचा हा हिशेब जुनाच आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये आसामातल्या लालाघाटहून कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट हेलिकॉप्टर घेऊन ब्रह्मदेशात गेला. लढाईत हेलिकॉप्टरने माणसं सोडवण्याची ती पहिली वेळ. तीन जखमी ब्रिटिश सैनिक आणि एक वैमानिक, असे चौघे शत्रूच्या मुलखात अडकलेले. त्या उन्हात त्याचं हेलिकॉप्टर एका खेपेला एकच माणूस उचलू शकत होतं. म्हणजे चार खेपा. इंजिन इतकं तापलं की मधली एक रात्र नदीकाठच्या वाळूवर काढावी लागली. धाडस म्हटलं की आपल्याला झेप दिसते. मला मात्र त्याची चौथी खेप मोठी वाटते, कारण तोवर वाट कशी आहे हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

पण मुलीला विचारायला हवं ते वेगळंच आहे. तिला उडायचंय, की स्ट्रेचरवरच्या माणसापाशी असायचंय? मुलं या दोन गोष्टी एकच समजतात.

विल्यम पिट्सेनबार्गर पायलट नव्हता. अमेरिकन हवाई दलाच्या बचाव पथकातला जवान, वय २१. ११ एप्रिल १९६६ ला व्हिएतनाममध्ये कॅम माय गावाजवळच्या जंगलात एक तुकडी वेढ्यात सापडली, तेव्हा हेलिकॉप्टरच्या दोरावरून तो खाली उतरला. मलमपट्टी करून नऊ जखमी त्याने वर पाठवले. मग गोळीबार वाढला. वर जायची सोय असतानाही तो खाली उरलेल्यांजवळ थांबला आणि त्या संध्याकाळी मारला गेला. मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान त्याला मिळाला २००० साली, ३४ वर्षांनी. हेलिकॉप्टर म्हटलं की नाव पायलटचं होतं. मागे बसणारा, दोर सोडणारा, खाली उतरणारा सहसा कुणाला आठवत नाही.

मुलीचं उत्तर ‘उडायचंय’ असेल तर एनडीए (२०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे) किंवा पदवीनंतर ॲफकॅट. फ्लाइंगसाठीची सीपीएसएस चाचणी (पायलट होण्याची क्षमता संगणकावर तपासणारी) आयुष्यात एकदाच देता येते, तिला सहज म्हणून बसवू नका. लष्कराची एव्हिएशन कोअरही आहे. तिचे पायलट आपल्या नाशिकला तयार होतात आणि २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. उत्तर ‘स्ट्रेचर’ असेल तर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्या. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिलिटरी नर्सिंग आहे. तिथे तिचा चष्मा आडवा येण्याची शक्यता बरीच कमी. पीसीएमबी असल्यामुळे आज दोन्ही दारं उघडी आहेत, एवढ्यात त्यातला एकही विषय सोडू नका.

वहिनींना ‘काही होत नाही हो’ असं मी लिहिणार नाही. होतं. त्यांची भीती खरी आहे. फक्त ती मुलीसमोर एकदाच, मोकळेपणाने बोलून टाका. रोज जेवताना नको.

डोळ्यांचा रिपोर्ट आला की पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. तुमच्या चार पानांत तिचं वाक्य एकच आहे, तेही तुमच्या हस्ताक्षरात.