एकच सभासद रिपोर्टमध्ये दोनदा का?

प्रश्न : मी एका छोट्या वाचनालयाचं काम बघते. वही बंद करून देवघेवीची नोंद अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवायला सुरुवात केली आहे. विझार्डच्या (एकेक प्रश्न विचारत काम करून देणाऱ्या सोयीच्या) मदतीने एक फॉर्म आणि एक रिपोर्ट केला, पण तीन गोष्टींनी डोकं उठवलं आहे. फॉर्म उघडला की कोरा दिसतो, टेबलमध्ये मात्र नोंदी जागच्या जागी असतात. रिपोर्टमध्ये एकाच सभासदाची पुस्तकं दोन वेगळ्या मथळ्यांखाली येतात. आणि छापायला गेलं की दर पानामागे एक कोरं पान निघतं. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून करू का?

उत्तर : मुळीच नको. यातली पहिली आणि तिसरी तक्रार किरकोळ आहे. दुसरीचं मूळ तुमच्या टेबलमध्ये आहे, त्यामुळे रिपोर्ट दहा वेळा नव्याने केलात तरी ती जाणार नाही.

फॉर्मचं आधी उरकू. डिझाइन व्ह्यूमध्ये (फॉर्मची रचना बदलायच्या दृश्यात) फॉर्मची प्रॉपर्टी शीट, म्हणजे गुणधर्मांची यादी, उघडा आणि 'डेटा' या टॅबवर 'डेटा एन्ट्री'समोर 'येस' आहे का बघा. असेल तर 'नो' करा. 'येस' असताना फॉर्म फक्त नवी नोंद घेतो, जुन्या दाखवत नाही. सोय वाईट नाही. नोंदी भरायला बसलेल्या मदतनिसाने जुन्या नोंदींत हात घालू नये असं वाटत असेल, तर ती मुद्दाम वापरतात.

आता दोन मथळ्यांबद्दल. तुम्ही टेबल पाठवलेलं नाही, पण देवघेवीच्या प्रत्येक नोंदीत सभासदाचं नाव हाताने टाइप होत असणार. मग कधी 'सुनीता' होतं, कधी 'सुनिता'. आपण वाचताना ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतो, सॉफ्टवेअर सोडत नाही. त्याच्या लेखी या दोन बाया आहेत. उलटही घडतं : एकाच नावाचे दोन सभासद असले की त्यांची पुस्तकं एका मथळ्याखाली जातात, आणि ते तर लवकर लक्षातही येत नाही.

म्हणून सभासदांचं वेगळं टेबल करा. त्यात ऑटोनंबरचा (अ‍ॅक्सेस आपोआप देतो तो) सभासद क्रमांक, नाव आणि फोन ठेवा. देवघेवीच्या टेबलमध्ये एक नंबर फील्ड (आकड्यांचा रकाना) वाढवा. यापुढे तिथे फक्त क्रमांक जाईल. फाइलची एक प्रत बाजूला ठेवून मगच जुन्या नोंदींना हात लावा. नावांवर गट करणारी एक क्वेरी (टेबलला विचारलेला प्रश्न) चालवली की एकाच नावाची सगळी रूपं एका यादीत समोर येतात. मग कोणत्या नावाला कोणता क्रमांक ते ठरवून अपडेट क्वेरीने (नोंदी एकदम बदलणाऱ्या क्वेरीने) भरा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

क्रमांक कोण लक्षात ठेवणार, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठीच फॉर्मवर कॉम्बो बॉक्स, म्हणजे उघडणाऱ्या यादीतून निवडायची चौकट, असतो. यादीत नाव दिसतं, टेबलमध्ये क्रमांक साठतो. विझार्ड क्रमांकाचा रकाना लपवू का विचारतो, तिथे हो म्हणा. पुढे तो निवडलेल्या क्रमांकाचं काय करायचं ते विचारतो, आणि नवशिके नेमके तिथेच फसतात. पहिला पर्याय नुसता लक्षात ठेवण्याचा आहे. तो निवडलात तर टेबलमध्ये काहीच जात नाही आणि पुढच्या नोंदीवर गेलात तरी तेच नाव दिसत राहतं. दुसरा पर्याय घ्या आणि त्यासमोर देवघेवीच्या टेबलमधलं सभासद क्रमांकाचं फील्ड निवडा.

रिपोर्ट आता दोन्ही टेबलं जोडणाऱ्या क्वेरीवर उभा करा. गट क्रमांकावर करा, मथळ्यात नाव दाखवा. नावं अकारविल्हे हवी असतील तर 'ग्रुप अँड सॉर्ट'मध्ये गटाच्या वरती नावावर सॉर्ट लावा. नुसत्या क्वेरीत क्रम लावून भागत नाही. रिपोर्टमध्ये गट केले की रिपोर्ट स्वतःचाच क्रम मानतो.

राहिलं कोरं पान. ए-फोर कागद 21 सेंटीमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना 2-2 सेंटीमीटर समास असेल तर रिपोर्टची रुंदी 17 च्या वर जाता कामा नये. कणभर जास्त झाली तरी उरलेली पट्टी पुढच्या पानावर जाते, आणि तिच्यात काही नसलं तरी पान निघतंच. बहुतेक वेळा पान क्रमांकाची चौकट किंवा मथळ्याखालची रेघ उजवीकडे लांब गेलेली असते. ती आत घेतल्याशिवाय रिपोर्टची कड आत सरकत नाही, तेव्हा आधी ती घ्या, मग कड ओढा.